कोणती ‘एज’ खेळायची? नाशिकच्या आठ जणांच्या गटाचं प्रकरण

14 नोव्हेंबर 2019 ला ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ या मध्ययुगीन लढायांच्या कॉम्प्युटर गेमची डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली आणि नाशिकमधला एक जुना गट तीन विरुद्ध पाच असा दुभंगला. तिघांनी ती लगेच विकत घेतली. पाच जण जुन्या सीडीवरच्या ‘कॉन्करर्स’ या आवृत्तीला चिकटून राहिले. बाहेरच्याला हे भांडण पोरकट वाटेल. चाळिशीकडे झुकलेली माणसं, कुणाच्या पोरांच्या शाळा, कुणाचे घराचे हप्ते, आणि वाद कशावर, तर गेमची कोणती आवृत्ती खेळायची यावर! पण या गटाचं एकत्र येणंच त्या खेळावर उभं होतं. एरवी वर्षभर एकमेकांना फोनही न करणारे हे लोक दिवाळीत मात्र इंदिरानगरातल्या एका घरी टेबलं जोडून, केबली टाकून रात्रभर खेळायचे.

एखादी गेम कंपनी बंद पडल्यावरही तिचे चाहते कशाच्या जोरावर टिकतात, आणि कशावरून फुटतात, हे दोन्ही या आठ जणांत बघायला मिळतं, म्हणून हे प्रकरण लिहावंसं वाटलं. खरी नावं देत नाही. तशीही गटात ती फारशी वापरली जात नाहीत. ओझरकर, सिन्नरकर, सीए, पुणेकर आणि ‘कॅनडा’ एवढे पाच जण या हकिगतीत पुढे येतात. यातला शेवटचा नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सायबर कॅफेत खेळायला शिकला आणि पुढे खरोखरच कॅनडात स्थायिक झाला. हा गटातला सर्वांत जुना विनोद आहे आणि दर दिवाळीत तो पुन्हा होतो.

कॅफेतला गट

2000 नंतरची चार-पाच वर्षं. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या पट्ट्यात सायबर कॅफे भरपूर होते आणि इंटरनेट कूर्मगतीचं होतं. त्यामुळे कॅफेवाल्यांचा गल्ला संध्याकाळी चालायचा तो लॅनवरच्या, म्हणजे मशीन केबलने जोडून खेळायच्या, गेम्सवर. बहुतेक ठिकाणी काउंटर-स्ट्राइकचा गोंगाट असायचा. या कॅफेत मात्र ‘एज’ रुजली, आणि त्याला कारण कॅफेवाले काका. त्यांना गोळीबाराचे आवाज खपायचे नाहीत. ‘एज’मध्ये निदान शेती तर करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. सीडी अर्थातच कॉपी केलेली होती. तेव्हा नाशिकमध्ये मूळ डबा कुणी विकत घेतलाय, असं या आठांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

गट नेमका आठांचाच का झाला? एका डावात जास्तीत जास्त आठ खेळाडू बसतात, हे एक. दुसरं कारण अस्सल महाराष्ट्रातलं आहे: लोडशेडिंग. लाइट गेली की यूपीएस काही मिनिटंच तग धरायचा. काका ओरडायचे, “सेव्ह करा रे, सेव्ह करा!” आणि डाव अर्धवट सेव्ह व्हायचा. तोच डाव दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचा तर तेच आठ जण हवेत, त्याच रंगांनिशी. म्हणजे आज अर्ध्यावर सोडलेला डाव हेच उद्या येण्याचं बंधन. मैत्री वगैरे नंतर झाली.

आणखी एक गोष्ट तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आली होती. कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या पीसीवर कुणी बसलं, की सगळ्यांचाच गेम रखडायचा. एकट्याचा नव्हे, आठही जणांचा. त्या मशीनवर कोण बसणार यावर रोज वाद व्हायचा. हे असं का होतं, हे त्यांना पुष्कळ नंतर कळलं, आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

डल्लासची कंपनी

हा खेळ बनवणारी एन्सेम्बल स्टुडिओज ही कंपनी अमेरिकेत टेक्सासमधल्या डल्लासची. टोनी गुडमन यांचा मूळ धंदा कंपन्यांना डेटाबेस वगैरे बनवून देण्याचा. त्यातूनच 1995 मध्ये गेम बनवणारी शाखा निघाली. टोनी यांचे भाऊ रिक गुडमन आणि ब्रायन सलिव्हन बरोबर होते. सिड मायर यांच्यासोबत ‘सिव्हिलायझेशन’वर काम केलेले ब्रूस शेली येऊन मिळाले. पहिली ‘एज’ 1997 मध्ये, दुसरी ‘एज ऑफ किंग्ज’ 1999 मध्ये, आणि तिची ‘कॉन्करर्स’ ही पुरवणी 2000 मध्ये आली. 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली.

हे सगळं मोडेमच्या जमान्यात घडलं, हे विसरून चालणार नाही. 28.8 केबीपीएसच्या तारेवरून शेकडो सैनिकांच्या जागा, जखमा, हालचाली सतत पाठवणं अशक्य होतं. म्हणून एन्सेम्बलच्या प्रोग्रामरांनी सैनिक पाठवलेच नाहीत, फक्त हुकूम पाठवले. प्रत्येक कॉम्प्युटरवर अख्खी लढाई स्वतंत्रपणे चालते. “हे दहा धनुर्धर तिकडे जा” एवढाच निरोप तारेवरून जातो, आणि आठही मशीनवर तो एकाच वेळी अमलात येतो. त्यासाठी वेळेचे साधारण 200 मिलिसेकंदांचे तुकडे पाडले होते, आणि आत्ता दिलेला हुकूम दोन तुकड्यांनंतर अमलात यायचा. या तुकड्याची लांबी खेळ स्वतःच कमी-जास्त करायचा. कशावर? तर सर्वांत मंद मशीन आणि सर्वांत मंद तार कोणती आहे, त्यावर.

दोन प्रोग्रामरांनी 2001 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्ससाठी यावर एक निबंध लिहिला. त्यातला हरणाचा किस्सा मला फार आवडतो. नकाशा तयार होताना एका मशीनवर एखादं हरीण कणभर तिरकं उभं राहिलं, तर ते चरायला थोडं वेगळ्या बाजूला जाणार. काही मिनिटांनी एका गावकऱ्याचा भाला हुकणार. तो मांस न घेता परतणार, आणि हळूहळू आठ मशीनवर आठ वेगळ्या लढाया चालू होणार. मग पडद्यावर यायचं ‘आउट ऑफ सिंक’ आणि डाव तिथेच खल्लास.

दोन आवृत्त्या एकमेकांशी का खेळू शकत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. एका आवृत्तीत भालाईत जरा स्वस्त असेल, किंवा एखाद्या तटाची ताकद वेगळी असेल, तर दोन्हीकडचं गणित पहिल्या मिनिटापासून फाटतं. म्हणजे नाशिकच्या गटातली फूट ही निव्वळ हट्टाची नव्हती. खेळाच्या रचनेतच तडजोडीला जागा नव्हती. सगळे एका आवृत्तीवर, नाहीतर डावच नाही.

सप्टेंबर 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने एन्सेम्बल बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जानेवारी 2009 च्या अखेरीस कंपनीचे दरवाजे बंद झाले, आणि ‘हेलो वॉर्स’ हा तिचा शेवटचा गेम त्यानंतर महिन्याभरात बाजारात आला. नाशिकमध्ये या बातमीचा मागमूसही नव्हता. सीएला ती दोन-तीन वर्षांनी कळली. तोवर कॅफेही बंद पडला होता आणि गट घरोघरी खेळायला लागला होता. कंपनी नसल्याने त्यांच्या खेळात तसूभरही फरक पडला नाही, कारण कंपनीकडून त्यांना रोज काही घ्यावंच लागत नव्हतं. कंपनीचा सर्व्हर लागत नव्हता. दोन मशीन केबलने जोडली की झालं. नकाशे बनवण्याचा एडिटर सीडीतच होता. खेळाच्या फायली उघडून त्यात ढवळाढवळ करता येत होती.

याच्या उलट उदाहरण याच घराण्यातलं आहे. 2011 मध्ये आलेली ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ सर्व्हरवाचून चालतच नव्हती. जुलै 2014 मध्ये सर्व्हर बंद झाले आणि खेळ संपला. पुढे चाहत्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे करून तो जिवंत केला, ही गोष्ट वेगळी. पण तेवढा खटाटोप ‘एज 2’साठी कुणाला करावाच लागला नाही.

जुन्या खेळाला पुढे नेलं तेही चाहत्यांनीच. ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाच्या मॉडने, म्हणजे चाहत्यांनी मूळ खेळात केलेल्या बदलाने, पाच नव्या संस्कृती आणल्या आणि त्यात भारतीय होते. 1999 च्या मूळ खेळात भारतीय नव्हतेच. नाशिकचे खेळाडू हत्तींसाठी पर्शियन घ्यायचे आणि त्यांनाच मनातल्या मनात भारतीय समजायचे. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये एचडी आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी या मॉडवाल्यांचं काम ‘द फरगॉटन’ नावाने अधिकृत पुरवणी म्हणून विकायला आणलं. बंद कंपनीचा खेळ पुढे न्यायला मालकाला चाहत्यांनाच कामाला लावावं लागलं! डेफिनिटिव्ह एडिशनमध्येही तीच मंडळी होती.

फूट

आता 2019. कॅनडा, पुणेकर आणि सीए नव्या आवृत्तीवर गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चित्रं देखणी आहेत, शेत संपलं की आपोआप पुन्हा पेरलं जातं, ऑनलाइन डाव सहज मिळतो. शिवाय जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर चालवणं म्हणजे एक व्रत होतं. विंडोज 7 वर गवताचे रंग बिघडायचे, ते नीट करायला एक्सप्लोरर बंद करून गेम उघडायचा. विंडोज 10 वर डायरेक्टप्ले हा विंडोजचा जुना घटक शोधून चालू करायचा. चाहत्यांनी केलेल्या ‘युजरपॅच’ या दुरुस्तीने यातलं बरंच सुधारलं होतं, पण ती आठही मशीनवर सारखीच टाकलेली हवी. एक जण विसरला की रात्रीचा पहिला तास त्यातच.

पाच जणांच्या बाजूला ओझरकरचा पीसी होता. ग्राफिक्स कार्ड नाही, हार्ड डिस्क जुनी. त्याने एका मित्राच्या खात्यावरून नवी आवृत्ती चालवून पाहिली. या आवृत्तीत रँक्ड, म्हणजे क्रमवारीत मोजले जाणारे, डाव खेळण्याआधी मशीनची एक बेंचमार्क चाचणी देऊन 1000 गुण मिळवावे लागायचे. ओझरकर तिथेच नापास झाला. “खेळता येतं की नाही याची परीक्षा बारावीनंतर पहिल्यांदाच दिली,” असं तो सांगतो. नवा पीसी घेणं त्याला अशक्य नव्हतं. पण घरात आधी वॉशिंग मशीन यायचं होतं, आणि यात त्याची बाजू कुणालाही पटेल.

दुसरी हरकत सिन्नरकरची, आणि मला ती जास्त वजनदार वाटते. नव्या आवृत्तीत मल्टिप्लेअरसाठी ऑनलाइन साइन-इन लागतं. म्हणजे आठ जण एका खोलीत, एकाच टेबलावर बसले आणि नेट गेलं, तर खेळ नाही. ज्या गटाचा जन्मच लाइट जाण्यातून झाला, त्याला ही अट झोंबणारच.

त्या हिवाळ्यात गट एकत्र खेळलाच नाही. तिघे आपापसात ऑनलाइन खेळायचे आणि ग्रुपवर निकाल टाकायचे. बाकीच्यांनी ग्रुप म्यूट केला. मग मार्च 2020 मध्ये लॉकडाउन लागला.

हळू कोण?

लॉकडाउनमध्ये एकत्र जमणं बंद, त्यामुळे लॅनचा प्रश्नच मिटला. तिघांना वाटलं, आता तरी सगळे नव्यावर येतील. पण ओझरकरचा पीसी लॉकडाउनमध्ये बदलणार कसा? तेव्हा पुणेकरानेच मधला मार्ग सुचवला. जुनी ‘कॉन्करर्स’ वूब्लीवरून खेळायची. वूब्ली हा चाहत्यांच्या वापरातला ऑनलाइन मंच. कंपनी बंद असण्याच्या काळात जगभरातले चांगले खेळाडू तिथेच खेळत होते.

आठही जण आले आणि पहिल्याच डावात गेम रखडायला लागला. सवयीने सगळे ओझरकरवर तुटून पडले. त्याने मुकाट्याने आपली खिडकी लहान केली, मागचं सगळं बंद केलं. फरक शून्य. मग सीएने प्रत्येकाचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, पाहिला. ओझरकरचा उत्तम होता. अडथळा होता कॅनडा! त्याच्याकडे सर्वांत भारी मशीन, सर्वांत वेगवान नेट, पण अर्ध्या पृथ्वीचं अंतर. जुन्या खेळात यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात आणि सर्वांत लांबच्या माणसाची वाट सगळ्यांनी पाहायची असते. नव्या आवृत्तीत मधल्या सर्व्हरांमुळे ते अंतर कमी जाचतं, पण तिथे ओझरकरचा प्रोसेसर कमी पडतो.

म्हणजे ‘गटाला मागे खेचणारा’ कोण, हे माणसावर नव्हतं, आवृत्तीवर होतं. हे कळल्यावर भांडणाची हवाच गेली. तोवर तिघांचा सूर “तुमच्यामुळे आम्हाला थांबावं लागतं” असा होता. त्या डावानंतर कॅनडाने लिहिलं, “भावांनो, मी स्पेक्टेटर म्हणून बसतो.” कुणी बसू दिलं नाही. 250 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खेळणाऱ्याला जाणवत नाही, 500 पर्यंत खेळता येतं, आणि कमी-जास्त होणाऱ्या उशिरापेक्षा एकसारखा उशीर बरा, हे एन्सेम्बलच्या त्याच निबंधात आहे. सीएने तो वाचून दाखवला. ऑडिट करणाऱ्या माणसाला असल्या कागदांची आवड असते.

तोडगा पुढच्या काही आठवड्यांत आपोआप आकाराला आला. शनिवारी रात्री ज्यांना जमेल ते नव्या आवृत्तीवर. दिवाळीत सगळे जुन्यावर, लॅनवर, एकाच फोल्डरमधून. त्या फोल्डरची प्रत सीएकडे असते. त्यात कुणीही, अगदी चांगल्या हेतूनेही, नवा पॅच टाकायचा नाही. गटात हा एकच नियम लेखी आहे.

रामशेज

जुनी आणि नवी जोडणारा खरा दुवा मात्र भलताच निघाला. एप्रिल 2022 मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली. आधीच्या ‘भारतीय’ संस्कृतीचं नाव हिंदुस्तानी झालं. बंगाली, द्रविड आणि गुर्जर या तीन नव्या आल्या. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमाही आल्या. आपला दख्खन कुठे आहे, हा प्रश्न नाशिकच्या ग्रुपवर पहिल्या दिवशीच आला. सिन्नरकर म्हणाला, यादव तरी हवे होते. सिन्नर त्यांची आधीची राजधानी, गोंदेश्वर अजून उभा आहे, आणि काळही खेळात बसतो. बाकीच्यांचं मत पडलं, मग दख्खनचा नकाशा आपणच करू. आणि विषय निवडला गेला रामशेजचा.

दिंडोरी तालुक्यात, आशेवाडीच्या डोक्यावरचा हा किल्ला तसा बुटका. आजूबाजूला दाट जंगल नाही. 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. आधी शहाबुद्दीन खान, मग बहादूर खान कोकलताश असे सरदार बदलत गेले आणि किल्ला पाच वर्षांहून जास्त काळ झुंजला. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं मढवलं होतं. मोगलांनी गडावर मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे उंच मचाण, उभारला, हेही आपल्याकडे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. काळ खेळाच्या मर्यादेबाहेरचा आहे, पण दारूगोळा खेळात आहेच.

इथे आवृत्तीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, या वेळी उपयोगी रूपात. जुन्या एडिटरमध्ये दमदम्याच्या जवळ जाणारं काहीच नव्हतं. सीज टॉवर हा तटावर सैनिक चढवणारा मनोरा नंतरच्या आवृत्त्यांतला. जुन्या खेळात देवनागरी उमटत नाही, सूचना रोमन लिपीत मराठी लिहून द्याव्या लागतात. नव्या आवृत्तीला अधिकृत हिंदी आहे, त्यामुळे देवनागरी दिसते. पण जुन्यात बनवलेला नकाशा नव्यात उघडतो आणि नव्यातला जुन्यात उघडत नाही. म्हणून उलट वाट धरली. डोंगर, तट, आशेवाडी, पायवाटा हे सगळं ओझरकरने त्याच्या पीसीवर, जुन्या एडिटरमध्ये उभं केलं. ज्याच्या मशीनला रँक्ड डावाची परवानगी नव्हती, त्याच्याच मशीनवर पाया रचला गेला. मग ती फाइल पुणेकराकडे. त्याने नव्या आवृत्तीत दमदमे आणि देवनागरी सूचना घातल्या. दिवाळीच्या लॅनसाठी ओझरकरची मूळ प्रत, दमदम्याच्या जागी ट्रेब्युशे हे दगडफेकीचं मोठं यंत्र लावून.

खेळात उंचावरून मारा केला की पाव पट जास्त इजा होते. बुटक्या रामशेजलाही तेवढा आधार पुरतो, हे पहिल्या चाचणीतच दिसलं. हल्ला करणारे चार जण तासभर आपटत राहिले. लाकडी तोफांसाठी मात्र कुठलंच पात्र बसेना. शेवटी दगडफेकी ओनेजरवर भागवलं. कॅनडाला ते अजून पटलेलं नाही.

खरा पेच शेवटाचा होता. रामशेज लढून पडला नाही. वाटाघाटीत, पैशाच्या जोरावर गेला असं सांगतात. एडिटरमध्ये हे करता येतं. मोगल खेळाडूकडे ठरावीक सोनं साठलं की गडाची मालकी बदलायची, दोन ओळींचा ट्रिगर, म्हणजे ‘हे झालं की ते कर’ अशी आज्ञा, आहे. सीएने तो बसवला. चाचणीत सिन्नरकर गड राखत होता, तटावर एक ओरखडा नव्हता, आणि अचानक सगळे बुरूज हिरव्याचे पिवळे झाले. त्याने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतिहास आहे तसा ठेवायचा म्हणणारे तीन, गड ठरावीक वेळ टिकवला की जिंकलो असा टायमर लावायचा म्हणणारे पाच. पुन्हा तीन विरुद्ध पाच, पण माणसं वेगळी. सध्या फाइलीत दोन्ही ट्रिगर आहेत, सोन्याचा बंद ठेवलेला. होस्ट करणाऱ्याने डावाआधी तो चालू केलाय की नाही, हे सांगायचं बंधन नाही.